गाठी, रेवडी आणि लिमलेट : नगर जिल्ह्यातील जुन्या साखरमिठाईचा आणि तिच्या आठवणीचा इतिहास

१. प्रास्ताविक

आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) परिचित आहे तो मुख्यतः साखरेचा जिल्हा म्हणून. प्रवरा आणि गोदावरी यांचे कालवे, खाजगी आणि सहकारी कारखाने, उसाच्या भावाचे राजकारण या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु कारखान्याच्या पोत्यातून बाहेर पडलेली साखर सामान्य माणसाच्या, विशेषतः मुलाच्या, हातावर कोणत्या रूपाने पडली, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष गेलेले नाही. साखरेच्या गाठी, बत्तासे, रेवड्या, काटेरी हलवा, साखरफुटाणे, लिमलेटच्या गोळ्या, श्रीखंडाच्या गोळ्या या वस्तू इतक्या क्षुल्लक मानल्या गेल्या की त्यांची नोंद ठेवावी असे कोणास वाटले नाही. आज मात्र वयोवृद्ध मंडळींच्या बोलण्यात याच वस्तूंचा उल्लेख वारंवार येतो. आणि तो येतो तो बहुधा 'आता ती मिळत नाही' या वाक्यासह.

प्रस्तुत निबंधात या वाक्याचा इतिहासाच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे. जुनी मिठाई दुर्मिळ झाली ही तक्रार कितपत खरी आहे? यातील कोणत्या वस्तू नाहीशा झाल्या, कोणत्या टिकल्या, आणि टिकण्या-न-टिकण्याचे कारण काय? साखर दुर्मिळ असताना जी मिठाई गावोगाव होती ती साखर विपुल झाल्यावर का मागे पडावी? हा विरोधाभास प्रस्तुत विवेचनाच्या मुळाशी आहे.

२. शब्दांची साक्ष

ज्या वस्तूची कागदोपत्री नोंद अल्प, तिच्या बाबतीत भाषा हेच पहिले साधन ठरते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराचे वर्णन करताना फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे पाच प्रकार सांगितले आहेत. काकवी, गूळ, खांड, साखर ही आपल्याकडील शब्दपरंपरा त्याच क्रमाची आठवण देते. 'खण्ड' हा शब्द फारसी आणि अरबी भाषांतून फिरत युरोपात गेला आणि इंग्रजीत 'कँडी' होऊन बसला. 'शर्करा' शब्दाचेही असेच देशांतर झाले. खडीसाखरेला आपण 'नाबद' म्हणतो तो शब्द फारसी. म्हणजे ज्या इंग्रजी नावाच्या गोळ्यांनी जुन्या मिठाईला मागे सारले असे आपण म्हणतो, ते नाव मूळचे याच भूमीतून गेलेले आहे.

नगर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत ऊस, गूळ आणि साखर यांचे दृष्टान्त येतात. श्रोत्यांस ठाऊक नसलेल्या वस्तूचा दृष्टान्त कोणी देत नाही. मात्र ठाऊक असणे निराळे आणि नित्य खावयास मिळणे निराळे. गूळ घरचा होता. साखर प्रसंगाची होती. विवाह ठरला म्हणजे जो विधी होतो त्यास आपण 'साखरपुडा' म्हणतो. कागदात बांधलेला साखरेचा पुडा हेच जेथे वचनाचे चिन्ह, तेथे साखरेची प्रतिष्ठा किती असेल याची कल्पना येते. विजयाची वार्ता आली की साखर वाटावयाची, मोठा विजय असेल तर हत्तीवरून वाटावयाची, ही मराठेशाहीतील रीत प्रसिद्ध आहे. 'तोंडात साखर पडो' हा आशीर्वादही याच काळाचा वारसा होय. ज्या समाजात साखर रोज चहात पडते, त्या समाजात असा आशीर्वाद नव्याने निर्माण होणार नाही.

३. ऊस, कालवे आणि कारखाने

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. उत्तरेकडील कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी हा कालव्यांचा मुलूख. दक्षिणेकडील पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा पर्जन्यछायेतील, अवर्षणप्रवण मुलूख. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोदावरीचे कालवे वाहू लागले आणि प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. या पाण्यावर उत्तर भागात उसाचे मळे उभे राहिले. प्रथम हरेगाव, मग टिळकनगर, साखरवाडी, लक्ष्मीवाडी या ठिकाणी खाजगी कारखाने निघाले. १९३२ मध्ये साखर उद्योगास संरक्षण देणारा कायदा झाल्यावर देशातील साखरेस जी बाजारपेठ मिळाली, तिचा लाभ या भागासही झाला.

पुढे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खटपटीने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया येथे घातला गेला. या घटनेचे राजकीय आणि आर्थिक परिणाम सर्वश्रुत आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच, की कारखान्याच्या पांढऱ्या, एकसारख्या दाण्याच्या साखरेने हलवायाचे काम सोपे केले. मळी काढण्याचा, पाक निवळण्याचा पूर्वीचा खटाटोप कमी झाला. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यास लहान गावच्या बाजारातही साखरेची मिठाई सहज दिसू लागली. आज वृद्धांच्या आठवणीत जी 'जुनी' मिठाई आहे, तिच्यातील बरीचशी या अर्थाने कारखानदारीचीच संतती आहे. तिला अनादि परंपरेत नेऊन बसविणे इतिहासाला धरून होणार नाही.

४. सणाची मिठाई

जुन्या साखरमिठाईचे तिच्या प्रसंगावरून तीन वर्ग करता येतात : सणाची, यात्रेची आणि बरणीची.

सणाच्या मिठाईत पहिला मान गाठीचा. साखरेचा कडक पाक करून तो दोरा पसरलेल्या लाकडी साच्यात ओतावयाचा, निवल्यावर साचा उघडून पदकांची माळ काढून घ्यावयाची, ही गाठीची कृती. पाक करताना दूध घालून वर आलेला मळ काढून टाकतात. नगरच्या बाजारात पाडव्यापूर्वी काही आठवडे ही लगबग सुरू होते. गाठी गुढीस बांधतात आणि मुलांच्या गळ्यात घालतात. तिला साखरेहून निराळी अशी चव नाही आणि ती कोणी चवीसाठी विकत घेतही नाही. तरीही ती दरवर्षी खपते.

दुसरी वस्तू संक्रांतीचा काटेरी हलवा. तीळ, खसखस, साबुदाणा यांसारखा दाणा परातीत घेऊन ती मंद शेगडीवर ठेवावयाची, आणि वरून थोडाथोडा पाक सोडीत बोटांनी तो दाणा सतत फिरवावयाचा. पाकाचे थरावर थर चढून दाण्यास काटा फुटतो. आच वाढली तर पाक पिवळा पडतो, हात थांबला तर दाणे चिकटतात, पाक एकदम जास्त पडला तर काटा बुजतो. असे काही दिवस बसले म्हणजे हलवा तयार होतो. त्याचे दागिने करून नववधूस आणि बोरन्हाणाच्या वेळी लहान मुलास घालावयाचे. हे काम प्रामुख्याने घरातील स्त्रियांचे होते. त्याचे मोल पैशात झाले नाही आणि म्हणून त्याची नोंदही कोणत्या हिशेबात सापडत नाही. आज हलव्याचे दागिने विकत मिळतात आणि त्यांचा व्यापार चांगला चालतो. वस्तू टिकली, घरोघरचे कौशल्य मात्र थोड्या हातांत एकवटले. बोरन्हाणात बोरे, उसाचे करवे, चुरमुरे आणि बत्तासे यांच्या जोडीस आता वेष्टनातील चॉकलेटे आली आहेत, हा बदलही येथे नोंदवावयास हवा. विधीने आपले पात्र तसेच ठेवले, आतील काही द्रव्य बदलले.

५. यात्रेची मिठाई

दुसरा वर्ग यात्रेच्या मिठाईचा. रेवडी, शेवगोडी, गुडदाणी, साखरफुटाणे, बत्तासे ही त्यातील मुख्य नावे. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते; रंगपंचमी हा तिचा मोठा दिवस. गाढवांच्या बाजारामुळे ही यात्रा दूरवर प्रसिद्ध झाली. भटक्या-विमुक्त जमातींच्या लोकांची तेथे मोठी उपस्थिती असते. याच तालुक्यातील मोहटादेवी, पारनेरचा कोरठण खंडोबा अशी इतरही यात्रास्थाने जिल्ह्यात आहेत. यात्रेहून परतणाऱ्याने काही गोड बांधून आणावे आणि ते घरोघर वाटावे, हा संकेत सर्वत्र आढळतो.

या मिठाईची निवड केवळ आवडीने झालेली नाही. बैलगाडीने अथवा पायी दोन-तीन दिवसांचा प्रवास करून जी वस्तू न्यावयाची ती न नासणारी हवी. खव्याचा पदार्थ येथे उपयोगी नाही. कडक पाकाच्या वस्तूत पाण्याचा अंश इतका अल्प उरतो की तिला बुरशी धरत नाही. रेवडी करताना साखरेचा अथवा गुळाचा पाक सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत चढवितात, तेल लावलेल्या दगडावर ओततात, आणि किंचित निवताच खुंटीस अडकवून पुनःपुन्हा ताणतात. ताणताना आत हवा शिरते आणि पिवळसर काच पांढरी, खुसखुशीत होते. मग तिचा दोर करून तुकडे पाडतात आणि गरम तिळात घोळवितात. पाक पुन्हा रवाळ होऊ नये म्हणून लिंबाचा रस घालतात. अम्लामुळे साखरेचा काही अंश फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो आणि ही मिश्र साखर स्फटिक जमू देत नाही. रसायनशास्त्राने हे कारण सांगण्यापूर्वी कारागिराने ते हाताने ओळखले होते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, कडक या पाकाच्या पायऱ्या त्याने बोटांच्या चिमटीत आणि पाण्याच्या वाटीत मोजल्या. उष्णतामापक त्याला लागला नाही.

मढीच्या यात्रेचा काळ कारखान्यांच्या गळीत हंगामाच्या अखेरीशी जुळतो, ही गोष्टही लक्षणीय आहे. पाथर्डी आणि शेवगाव या भागांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या हातांनी उसाची मोळी बांधली त्याच हातांत यात्रेतील रेवडीचा पुडा आला, तर साखरेच्या अर्थव्यवस्थेचे एक वर्तुळ येथे पूर्ण झाले असे म्हणता येईल. ते समतेचे वर्तुळ नव्हे, हे सांगावयास नको. जुन्या मिठाईच्या आठवणी लिहिणारा वर्ग आणि ही मिठाई वर्षातून एकदाच पाहणारा वर्ग हे एक नव्हेत. इतिहासकाराने दुसऱ्या वर्गाची आठवणही ऐकावयास हवी; ती लिखित स्वरूपात त्याच्याकडे चालून येणार नाही.

६. बरणीची मिठाई

तिसरा वर्ग सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत अल्पजीवी. वाण्याच्या फळीवरील काचेच्या बरणीतील गोळ्या हा तो वर्ग होय. लिमलेट, संत्र्याच्या फोडीच्या आकाराची गोळी, श्रीखंडाची गोळी, बडीशेपेची गोळी, चिंचेची गोळी या वस्तूंना सणाचा अथवा देवाचा आधार नव्हता. त्यांचा आधार नाण्याचा होता.

'लिमलेट' हे इंग्रजी शब्दाचे मराठी तोंडात घडलेले रूप. पाक, आम्ल, रंग आणि सुवास एकत्र करून ते मिश्रण कोरीव रुळांतून काढले की एकाच आकाराच्या गोळ्या पडतात. हे तंत्र युरोपीय होते. पण भांडवल थोडे लागे, म्हणून लहान शहरांतूनही असे कारखाने चालू शकत. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनही याच काळात सुरू झाले. १९२९ मध्ये मुंबईस विलेपार्ले येथे निघालेल्या पार्ले कंपनीचा आरंभ गोळ्यांपासूनच झाला. बिस्किटे मागाहून आली.

नगरच्या वाचकास अधिक जवळचे उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील रावळगावचे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी मालेगाव तालुक्यातील या गावी १९३३ मध्ये साखर कारखाना उभारला आणि १९४२ मध्ये तेथे गोळ्यांचे उत्पादन सुरू झाले. गावाचेच नाव गोळीस लागले. पुढे 'पान पसंद', 'मँगो मूड', 'कॉफी ब्रेक' ही नावे देशभर पोचली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने हा मिठाईचा व्यवसाय, म्हणजे व्यापारचिन्हे आणि कृती, २७ कोटी रुपयांस रिलायन्स समूहाच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीस विकला. वाढती स्पर्धा आणि बाजारातील घटता वाटा ही कारणे त्या वेळी पुढे आली. ८२ वर्षांची ही कथा एका गोळीच्या अर्थशास्त्राची कथा आहे. कच्चा माल, इंधन, मजुरी आणि वेष्टन यांचे दर वाढत राहिले. पण गोळीची किंमत नाण्यास जखडलेली. आणे-पैच्या काळात पैशास अमुक गोळ्या असा हिशेब होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि हिशेब नव्या पैशांत होऊ लागला. ३० जून २०११ नंतर २५ पैसे आणि त्याखालील नाणी चलनातून गेली. वस्तूची किंमत हळूहळू वाढविण्याची सोयच राहिली नाही. नाणे बदलेपर्यंत किंमत तीच, आणि नाणे बदलले की ती एकदम दुप्पट. या दोहोंच्या मध्ये गोळीचा आकार लहान होई किंवा नफा आटे. सुट्या पैशांची चणचण असताना दुकानदार सुट्याऐवजी गोळीच हातावर ठेवीत. जी गोळी नाण्याने विकत घ्यावयाची तीच नाणे झाली, यापरता या वर्गाच्या उतरणीचा बोलका पुरावा नाही.

याच काळात शब्दही बदलला. पूर्वी मूल 'गोळी' मागे. आता वेष्टनातील कोणत्याही गोड वस्तूस 'चॉकलेट' म्हणते, मग तीत कोकोचा कण असो वा नसो. बरणी गेली, वेष्टन आले. बरणीत दिसणारा रंग पाहून, मोजून, सुटी वस्तू घेण्याचा व्यवहार संपला आणि त्याची जागा जाहिरातीने सांगितलेल्या नावाने घेतली.

७. आठवणीची पारख

आता आठवणीकडे वळू. 'ती चव आता राहिली नाही' हे विधान इतिहासाचे साधन म्हणून वापरताना त्याचे तीन भाग वेगळे करावे लागतात.

पहिला भाग वस्तूचा आहे आणि तो काही अंशी खरा आहे. मोठ्या कारखान्यात पाकाबरोबर द्रव ग्लुकोजचे प्रमाण अधिक असते, सुवास कृत्रिम असतो, आणि गुळाच्या जागी साखर आलेली असते. चव बदलली असे म्हणणाऱ्याची जीभ सर्वस्वी खोटे बोलत नाही.

दुसरा भाग प्रसंगाचा आहे. ज्या घरी साखर मोजून येत असे, त्या घरी एक बत्तासा ही घटना होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील नियंत्रण आणि पुढील शिधावाटप ज्यांनी पाहिले, त्यांच्या लेखी गोडाचे मूल्य निराळेच होते. आज तोच बत्तासा त्याच कृतीने करून दिला तरी ती गोडी परत येणार नाही, कारण तिच्यामागील उणीव परत येणार नाही. आणि ती यावी अशी इच्छाही कोणी करू नये.

तिसरा भाग विस्मरणाचा आहे. आठवण गोळीचा भडक गुलाबी रंग सांगते. तो रंग कशाचा होता हे सांगत नाही. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये झाला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पुढे त्याची जागा घेतली. कापड रंगविण्याचे रंग मिठाईत वापरले जाणे ही जुनी तक्रार असून ती संपलेली नाही. 'म्हातारीचे केस' म्हणून यात्रांतून विकल्या जाणाऱ्या साखरेच्या तंतूंत ऱ्होडामाइन-बी हा अपायकारक रंग सापडल्यावरून तामिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. तेव्हा जुने ते सारे शुद्ध, ही समजूत पुराव्यास उतरत नाही. आठवण ही साक्षीदार आहे. तिला न्यायाधीश करू नये.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष स्पष्ट होतो. मिठाईचे आयुष्य तिच्या चवीवर अवलंबून नसते. ते तिच्या प्रसंगावर अवलंबून असते. चव जवळजवळ नसलेली गाठी टिकली, कारण गुढी टिकली. रेवडी टिकली, कारण यात्रा टिकली. मात्र तिचा मुक्काम यात्रेपुरता उरला. सर्वांत रुचकर आणि मुलांस सर्वांत प्रिय अशी बरणीतील गोळी मात्र ओसरली, कारण तिच्यामागे ना सण होता ना देव. होते ते एक लहान नाणे, आणि ते नाणे गेले. साखरेच्या विपुलतेने जुनी मिठाई मारली असे म्हणणे अपुरे आहे. विपुलतेने साखरेस प्रसंगापासून तोडले आणि ज्या वस्तूस स्वतःचा प्रसंग नव्हता ती निराधार झाली, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

यावरून पुढील कामाची दिशाही दिसते. गाठीचे लाकडी साचे, पितळी रूळ, हलवायांच्या आणि वाण्यांच्या जुन्या वह्या, गोळ्यांची वेष्टने ही साधने अद्याप घरांतून आणि दुकानांच्या माळ्यांवर सापडू शकतात. ती रद्दीत अथवा मोडीत निघण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावयास हवी. त्याहून निकडीचे काम कारागिरांचे आहे. पाक कडक झाला हे चिमटीत ओळखणारा, हलव्यास काटा केव्हा फुटतो हे परातीच्या आवाजावरून जाणणारा हात हाच या विषयाचा मूळ दस्तऐवज आहे. नगरच्या कापडबाजार, गंजबाजार आणि दाळमंडईपासून मढीच्या यात्रेपर्यंत विद्यार्थ्यांनी हिंडून हे ज्ञान त्या-त्या माणसाच्या शब्दांत टिपून घेतले, तर साखरेच्या या जिल्ह्याच्या इतिहासात कारखान्याच्या ताळेबंदापलीकडची एक बाजू येईल. साचा संग्रहालयात ठेवता येतो. पाकाची परीक्षा मात्र ती जाणणारा माणूस आहे तोवरच लिहून घेता येते.